एका घरात दोन गणपती

लालबागला चाळीत आमची दहा बाय बाराची खोली. तिच्यात माझे दोन मुलगे, दोन पक्षांचे. थोरला एकाचा, धाकटा दुसऱ्याचा. मागच्या निवडणुकीत प्रचाराच्या वेळी खाली नाक्यावर दोन्हीकडची पोरं भिडली, दगड आले, थोरल्याचा डावा डोळा गेला. दगड कोणाचा, ते कोणालाच ठाऊक नाय. पण धाकटा समोरच्या घोळक्यात उभा होता, एवढं थोरल्यानं बघितलं होतं.

मग खोलीत मधोमध पडदा, दोन शेगड्या. गणपतीला धाकट्यानं आपली वेगळी मूर्ती आणली. एका घरात दोन गणपती बसवत नायत, गावाला कळलं तर तोंडावर थुंकतील. मला ठाऊक होतं. तरी गप्प बसले. म्हटलं, देव तरी भांडणार नायत. तीच माझी चूक. दोन वर्षं दोन आरत्या झाल्या, एक दुसरीवर ओरडून.

यंदा टीव्हीवर दोघांचे साहेब एका सोफ्यावर बसले. एकमेकाला पेढा भरवला. देशावर वेळ आलीय, म्हणाले, मतभेद बाजूला ठेवले. देशासाठी केलं असेल तर बरंच केलं. मी काय शिकलेली नाय.

धाकटा पडदा सारून आला. "दादा, आता आपण एकच. यंदा मूर्ती पण एकच आणू."

"तुझ्या साहेबानं सांगितलं काय?"

"तुझ्या साहेबानं पण सांगितलंय."

"मग दोघांना बोल, सोफ्यावर बसायच्या आधी माझ्याकडं येऊन जायचं होतं. कुठल्या डोळ्यानं बघू तुमचा पेढा?"

"मी दगड नाय मारला रे दादा. आईची शपथ."

"आईला मध्ये घेऊ नको."

मी बोलले, "एकच आणा. मी जिती आहे तोवर एकच." थोरला नाय म्हणाला नाय. हो पण म्हणाला नाय.

मूर्ती आली. आमच्या कोकणात पूजेनंतर घरातला कर्ता पुरुष गाऱ्हाणं घालतो, देवाकडं घरासाठी मागतो. बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. शेजारीपाजारी थोरल्याकडं बघायला लागले. तो भिंतीला टेकून, तोंड मिटून. शेवटी मी उठले. बाईमाणसानं आमच्यात कधी घातलं नव्हतं.

"बा गणराया, ह्या दोन भावांका एका ताटात जेवव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," धाकट्याचा एकट्याचा आवाज. शेजारी अजून थोरल्याकडंच बघत होते.

मी परत म्हटलं. परत तेवढाच आवाज. थोरल्यानं होता तो डोळापण मिटून घेतला होता. मग मी नारळ फोडायला घेतला.