गारा की वणवा

धरणात गाळ कोणी आणून टाकीत नाही, तो आपोआप साचतो. धरणाने उठविलेल्या माणसांचे किस्सेही तसेच साचतात. भोरजवळच्या खोऱ्यातील आमची वाडी पाण्याखाली गेली, त्यास पुष्कळ वर्षे लोटली. तरी त्या वाडीतील दोघे जरी कोठे भेटले, तरी बोलणे ह्याच विषयावर येते आणि पुन्हा तोच संताप होतो.

❖

आम्हांस दोन जागा दाखविण्यात आल्या. एक खाली, कामथडीच्या बाजूचा माळ. दुसरी वर, वेल्ह्याकडचे पठार. खाली चैत्रात गारा पडतात, वर फाल्गुनात वणवा लागतो, अशी कुणकुण होती. माझी आत्या विधवा होती. म्हशींच्या दुधावर तिचे पोट होते. ज्या छपराखाली ती जाणार, तेच तिचे उरलेले आयुष्य. जागा वाटून देणाऱ्या साहेबांना तिने सरळ विचारले, "सायेब, गारा आन् वणवा, ह्यातलं बरं कंचं?"

साहेब म्हणाले, "गारा वर्षातून एकदा पडतात. वणवाही एकदाच लागतो. दोन्ही सारखेच."

आत्या म्हणाली, "व्हय. मरान बी एकदाच येतं."

❖

आमच्या वडिलांनी स्वतः चौकशी करण्याचे ठरविले. कामथडीत विचारले, तर उत्तर आले, "हितं गारा? न्हाई बा. तिकडं भोंगवलीला पडत्यात." भोंगवलीत विचारले, तर म्हणाले, "आमच्याकडं कुठल्या? नसरापूरला जाऊन बगा." नसरापूरकरांनी पुन्हा कामथडीकडे बोट दाखविले. साऱ्या मुलखात गारा पडत होत्या त्या केवळ शेजारच्या गावी!

वडील चिडून परतू लागले, तेव्हा ओसरीवर बाजेवर बसलेल्या एका म्हातारीने हाक मारली. "पावनं, बसा. गारांच्या गावात पोरगी कोन देतंय? म्हनून समदी खोटं बोलत्यात. माज्या नातवंडांची लग्नं उरकली. आता खरं सांगाया हरकत न्हाई. लई पडत्यात."

❖

पठाराची पाहणी साहेबांनी केली ती भाद्रपदात. गुडघाभर हिरवे गवत, त्यातून पाणी वाहते आहे, साहेबांचे बूट चिखलात रुतले आहेत. आमच्या मंडळींनी वणव्याचे नाव काढताच साहेबांनी खिशातून सिगारेट काढली. एकामागून एक काड्या ओढल्या. सर्व दमट, एकही पेटली नाही.

"पाहा," साहेब विजयी मुद्रेने म्हणाले, "येथे माझी सिगारेटसुद्धा पेटत नाही. तुमचा वणवा कुठला पेटतो?"

भाद्रपदात पाहून फाल्गुनाचा निकाल देणारा हा न्याय! आत्याला आपल्या म्हशींसाठी गवत हवे होते. तिने पठार घेतले. आम्ही वणव्यापेक्षा गारा पत्करून खाली गेलो.

❖

पुढे छपरांचा प्रश्न आला. गवती छपरावर गार पडली तर ती रुतून बसते, घर शाबूत राहते. परंतु ठिणगी पडली की सारे संपले. कौलांचे नेमके उलट. म्हणजे वर कौले हवीत आणि खाली गवत. हे आमच्या म्हशींनाही कळले असते. तथापि कौलांच्या गाड्या वर चढत नव्हत्या. म्हणून कौले आम्हांस खाली मिळाली आणि वर पठारावर गवती छपरे झाली.

वडील साहेबांपाशी भांडले, "मग वर रस्ता करा."

"रस्ता करायला वर पक्की वस्ती कोठे आहे?"

"कौलं द्या, मग व्हईल वस्ती."

"कौले न्यायला रस्ता कोठे आहे?"

पहिल्याच चैत्रात आमच्या कौलांचा चुरा झाला. आईने आम्हां भावंडांच्या डोक्यांवर जेवणाचे पाट धरले आणि आम्हांस गोठ्यात नेले. गोठा गवताने शाकारलेला होता, म्हणून आम्ही वाचलो.

❖

जुन्या वाडीत एक रीत होती. माघ सरता सरता घरांभोवतीचे गवत आपणच जाळून काळा पट्टा करून ठेवायचा, म्हणजे वणवा तेथे येऊन थांबतो. आत्याने पठारावर तेच करावयास घेतले, तर जंगलाच्या शिपायाने तिला अडविले. गवत सरकारी, जाळता येणार नाही.

फाल्गुनात डोंगर पेटला. सरकारी गवत गेले आणि त्यामागून आत्याचे घरही गेले. ती म्हशी घेऊन पाण्यावर गेली होती, एवढेच नशीब. राख निवण्यापूर्वी शिपाई हजर! "गवत कोणी पेटवलं? परवानगी कोणाची घेतली?"

आत्या म्हणाली, "वणव्याला इचार, बाबा. आत्ताच त्या अंगाला उतारलाय. पळत गेलास तर गावंल."

❖

आत्या म्हशींसह खाली आली आणि आमच्याकडे न येता थेट धरणाजवळच्या बंगल्यावर साहेबांपुढे उभी राहिली. साहेब कंटाळून म्हणाले, "बाई, आता खाली कामथडीला जागा घ्या, नाहीतर पुन्हा वर जा. तिसरी जागा नाही."

आत्या मान वर करून बंगल्याचे छप्पर पाहत होती. "ह्यावर काय घातलंय, सायेब?"

"पत्रे."

"गारांनी फुटत्यात?"

"छे. नुसता आवाज होतो."

"आन् इस्तू लागतो?"

"पत्र्याला कशाने लागणार?"

आत्या म्हशी हाकीत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी दार उघडले. व्हरांड्याच्या खांबांना म्हशी बांधल्या होत्या. कोपऱ्यात तीन दगडांची चूल पेटली होती आणि तिच्यावर दूध तापत होते. आत्या शेणाचा हात फिरवीत पायऱ्यांपर्यंत आली होती.

साहेबांनी बूट घातलेला पाय उंबऱ्याबाहेर टाकला. "हे काय चालविले आहे?"

आत्याने मान वर केली नाही.

"सायेब, पायतान काडून या. आत्ताच सारवलंय."