हीटर लावून लग्नाला

मी जालन्याकडच्या टेंभुर्णीचा धम्मपाल. लग्नात, साखरपुड्यात, दुकानाच्या उद्घाटनात माईक धरून बोलणारा माणूस. ‘मंचावरील सर्व मान्यवरांचं सहर्ष स्वागत’ हे वाक्य मी झोपेतसुद्धा म्हणतो, असं माझी बायको भावना सांगते. ती अंगणवाडीत आहे. तिथली लेकरं ती डोळ्यांनी गप्प करते. माझ्यावर मात्र तो उपाय अजून चाललेला नाही.

आमची कार जुनी, दुसऱ्याच्या हातून आलेली. यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर तिला दुखणं लागलं. घरून निघालं की थोड्याच वेळात गरमीचा काटा वर चढायचा. मग बाभळीखाली थांबा, बॉनेट उघडा, गार होईस्तोवर वाट बघा. एका लग्नात मी पोचलो तेव्हा शेवटची पंगत उठत होती. नवरदेवाच्या बापानं माईक माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “आता आभार तेवढे माना.”

मंग जुन्या जालन्यात एका मिस्त्रीला गाडी दाखवली.

“थर्मोस्टॅट अडकून राह्यला,” तो म्हणाला. “इंजिनातलं पाणी तापलं की ही झडप उघडते अन् पाणी गार व्हायला रेडिएटरात जातं. तुमची उघडतच न्हाई. सोमवारी आणा, बदलून देतो.”

रविवारी मला हसनाबादला एका लग्नात माईक धरायचा होता. पण ते सांगायचं सोडून मी मोठ्यानं म्हणालो, “एवढंसं काम? घरीच करतो की!” आजूबाजूला चार गिऱ्हाइकं उभी होती. लोक ऐकत असले की माझ्याच्यानं राहवत नाही. मिस्त्री भला माणूस. शेवटी पाण्यात अडकलेली हवा कशी काढायची तेही त्यानं समजावलं. मी शेजारच्या दुकानातून नवा थर्मोस्टॅट, त्याच्या झाकणाखाली गळती रोखणारं गॅस्केट आणि इंजिनाच्या पाण्याऐवजी घालायच्या कूलंटचा डबा घेऊन घरी आलो.

शनिवारी सकाळी, इंजिन गार असताना, काम काढलं. शेजारचे बद्रीनाथ काका खुर्ची घेऊन बघायला आले. तिथंच घोटाळा झाला.

“आता आपण खालचा पाइप मोकळा करत आहोत,” मी म्हणालो.

“कोणाला सांगून राह्यलात?” भावना म्हणाली. “काका हितंच बसलेत.”

पाइप एकदम निसटला. हिरवं कूलंट अर्धं खाली ठेवलेल्या टबात गेलं, अर्धं माझ्या बाहीत. भावनानं टब उचलून झाकून ठेवला. “विषारी असतं हे. काकांच्या शेळीनं तोंड घातलं तर काय करता?”

मी मात्र रंगात आल्तो. दोन बोल्ट काढले, थर्मोस्टॅटवरचं झाकण उचललं, गंजलेला थर्मोस्टॅट बाहेर घेतला. जुनं गॅस्केट खरवडलं, नवं लावलं, नवा थर्मोस्टॅट बसवला, बोल्ट आवळले, कूलंट भरलं. प्रत्येक गोष्ट काकांना वर्णन करून. मग गाडी चालू केली. काकांनी टाळ्या वाजवल्या. काटा निम्म्यावर आला, आणि न थांबता वर निघाला.

मी घाईनं गाडी बंद केली. “नवाच खराब निघाला! त्या दुकानदाराला आत्ता फोन लावतो.”

“आधी तपासा, मंग भांडा,” भावना म्हणाली.

इंजिन गार व्हायला दुपार झाली. परत सगळं उघडलं. भावनानं टाकाऊ पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं आणि जुना-नवा दोन्ही त्यात सोडले. जुना ढिम्म. नव्याची झडप मात्र सावकाश उघडली. आम्ही तिघं पातेल्यावर वाकलो होतो. स्प्रिंगच्या बाजूला पितळेची बारकी कुपी होती. तिला गरम पाणी लागलं की झडप हलते, हे मला तिथं दिसलं. आणि ती कुपी मी रेडिएटरच्या बाजूला केली होती. तापलेलं पाणी इंजिनात, कुपी बाहेर गारव्याला.

“काय झालं?” काकांनी विचारलं.

मी कुपीकडं बोट दाखवलं. “उलटा बसवला.”

“उलटा?” भावना म्हणाली. “काही खूण न्हवती का?”

“खोक्यावर चित्र होतं. मी बोलत होतो.”

काकांनी खुर्ची सावलीत सरकवली आणि तोंड दुसरीकडं केलं. त्यांचे खांदे मात्र हलत होते.

या खेपेला मी मुकाट्यानं, कुपी इंजिनाकडं करून थर्मोस्टॅट बसवला. आता आतली हवा काढायची होती. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून, गाडीचा हीटर पूर्ण जोरात लावून इंजिन चालू ठेवायचं, म्हणजे हीटरच्या नळ्यांतली हवाही निघते. एप्रिलातलं आमच्याकडचं ऊन, आणि मी आत बसून हीटर खातोय. भावना बाहेरून कूलंट ओतत होती. बुडबुडे थांबले, तिनं झाकण लावलं. काटा निम्म्यावर येऊन बसला.

रविवारी आम्ही हसनाबादला निघालो. हीटर चालूच.

“अहो, बंद करा ना तो!”

“काटा बघ, कसा शहाण्यासारखा बसलाय. हात लावू नको.” हीटर चालू असताना गाडी नीट चालली होती, बंद केल्यावर काय होईल ते मला बघायचं नव्हतं. खिडक्यांतून झळा, समोरून झळा. पण वेळेच्या आधी पोचलो. शर्ट अंगाला चिकटलेला, भावनाच्या साडीची घडी मोडलेली.

नवरदेवाच्या मामानं मला बघून विचारलं, “धम्मपालभाऊ, पोहत आले का काय?”

लग्न छान झालं. परतताना वाटेतलं भोकरदन मागं पडल्यावर भावनानं मला न विचारता हीटर बंद केला. मी श्वास रोखून काट्याकडं बघत राहिलो. तो तसूभरही हलला नाही. टेंभुर्णी येईपर्यंत ती पदर तोंडाला लावून हसत होती.