कौल अर्धवट सोडला त्या रविवारी

माझा देवावर विश्वास होता, पण तो दूधवाल्यावर असतो तेवढाच. रोज येतो म्हणून. दारूपायी पत्नी मुलीला घेऊन लोणावळ्याला माहेरी गेली, तेव्हा मात्र मला देव फार आठवू लागला. जाताना ती म्हणाली होती, "शपथा नकोत. दारू सोडणाऱ्यांच्या बैठका असतात, त्यात कुठेतरी बसा. बसलात की फोन करा, मग आम्ही येऊ." शपथ घेणं मला छान जमत असे. बसणं जमेल की नाही, याची भीती वाटत होती.

तळेगावातल्या पहिल्याच बैठकीत समोर माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील दिसले. मुलाच्या वागण्यावरून मी त्यांना शाळेत चांगलंच सुनावलं होतं. चपला अडकवल्या आणि निघालो, मागे वळून पाहिलं नाही. लोणावळ्याच्या बैठकीत मंडळी सभ्य होती, पण निम्मं बोलणं इंग्रजीत. शाळातपासणीला आलेल्या साहेबासारखा मी मान डोलावत राहिलो आणि अर्ध्यातच उठलो. तिसरी बैठक वडगावला रविवारी भरते असं कळलं होतं. जायची अजिबात इच्छा नव्हती. म्हणून त्या रविवारी सकाळी स्कूटर काढली आणि आमच्या मूळ गावी, परंदवडीला, देवाला कौल लावायला गेलो.

आमच्याकडे अडल्या प्रश्नाला कौल लावतात. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवतो. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. उजवं पडलं तर वडगाव, डावं पडलं तर फाट्यावरचा बार, असं मी ठरवलं. बारचं देवाला सांगितलं नाही, पण माझं मन कुठल्या बाजूला होतं ते त्याला कळलं असणारच. सकाळपासून घेतली नव्हती. हात थरथरत होते.

फूल काही पडेना. ना उजवं, ना डावं. गुरव डोकावून म्हणाला, "देवाला घाई न्हाई, गुरुजी. बसा." मी खांबाला टेकून बसलो. शेजारी टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "कशापायी लावलाय कौल?"

"मुलीच्या स्थळासाठी," मी म्हणालो. मुलगी तेव्हा सहावीत होती.

ते माझ्या हातांकडे बघत राहिले. "माजं बी हात असंच व्हायचं," एवढंच म्हणाले. मग थोड्या वेळानं, "गाडी हाय का? एसटी गेली माजी. वडगावला बाजाराच्या मागं आमची बैठक असती."

कसली बैठक, हे मी विचारलं नाही. मला ते कळलं होतं. वयस्कर माणसाला नाही म्हणवेना. गुरवाला "येतो" म्हणून कौल अर्धवट सोडून निघालो.

वाटेत मी त्यांना आबा म्हणू लागलो. वडगावला मी स्कूटरपाशीच थांबलो. आबा म्हणाले, "मला परत परंदवडीला सोडाया लागंल तुमाला. तवर उन्हात कशाला, आत बसा."

अशा रीतीनं मी आबांचा ड्रायव्हर म्हणून आत बसलो. कंपनीतले कामगार होते, एक रिक्षावाला होता. एक शेतकरी सांगत होता, "दारू सुटावी म्हून माळ घातली. प्यायला जाताना ती काढून खुंटीला टांगायचो, वर खोलीचं दार लावून घ्यायचो. माळंला दिसाया नको." सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता मला रडू आलं, कारण सकाळी देवळात मी वेगळं काही करत नव्हतो. माझी पाळी आली तेव्हा वर्गापुढे बोलायची इतक्या वर्षांची सवय कामाला आली नाही. "माझी दारू सुटत नाही," एवढंच म्हणालो. कुणी दचकलं नाही. रिक्षावाल्यानं चहा पुढे सरकवला.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "चला आबा, परंदवडीला."

"मी कशाला येतू? माजं घर हितंच हाय, पल्याडच्या आळीला. तितं लेकीकडं गेलतो." मग ते हळूच हसले. "तुमी देवळात खोटं बोललात, मी हितं दारात बोललो. फिट्टंफाट."

तिथूनच पत्नीला फोन केला. "बसलो," म्हणालो.

"पुन्हा जाल?" ती म्हणाली.

त्या वेळी मात्र माझ्या तोंडून शपथ निघाली नाही. "आबा सांगतील तसं," म्हणालो.

"कोण आबा?" तिनं विचारलं. त्यांचं नावही मला माहीत नव्हतं.

हा योगायोगही असेल. मी कुणाशी वाद घालत नाही. निर्णयाचं ओझं देवाच्या खांद्यावर ठेवायला गेलो होतो. त्यानं ते घेतलं नाही, मलाच उचलून नेलं. त्याचे उपकार मी मानतो, आणि आता त्याच्याकडे होकार-नकार मागत नाही. जिथे नेईल तिथे बसतो. त्याच आठवड्यात पत्नी मुलीला घेऊन परत आली. पूर्वी ती माझ्या स्कूटरची किल्ली लपवून ठेवायची. पुढच्या रविवारी बैठकीची वेळ झाली तेव्हा तिनंच ती आणून माझ्या हातात दिली.