पाटलाचा बूस्टर

आमच्याकडे टीव्ही आला आणि आठवड्याभरात गावातल्या सगळ्या टीव्हींवर रेघा आल्या. गावाला एवढं पुरलं. कोणी तपासलं नाही, कोणी विचारलं नाही. मास्तरच्या टीव्हीनं बिघाड केला, असं ठरूनच गेलं.

मास्तर म्हणजे माझे बाबा. त्यांचे आईवडील आयुष्यभर दुसऱ्यांच्या कापसात राबले. बाबा शिकले आणि शाळेत मास्तर झाले. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. तेव्हाच्या आंध्रात, महाराष्ट्राच्या सीमेजवळ, तलमडुगुकडच्या आमच्या गावात सात अँटेना होत्या. सहा वरच्या गल्लीत आणि सातवी आमची, बौद्ध वस्तीत. आदिलाबादचं चित्र आमच्यापर्यंत अशक्त होऊन यायचं, म्हणून प्रत्येक घरात टीव्हीजवळ ते वाढवणारी बूस्टरची डबी असायची. संध्याकाळचं तेलुगू आम्हाला अर्धंच कळे. पण रविवारी सकाळी नऊची हिंदी मालिका पाहायला सगळं गाव अंघोळ करून बसायचं, आणि रेघा नेमक्या तेव्हाच यायच्या.

एका रविवारी मालिका संपल्या संपल्या किराणावाला चार जणांना घेऊन आमच्या दारात आला. "मास्तर, तुमची अँटेना उतरवा. तुमचं आलं तवापासून आमचं बिघडलं."

"पुढच्या रविवारपर्यंत पाहतो," बाबा म्हणाले.

मी आतून ओरडले, "काऊन उतरवाची?"

ते गेल्यावर बाबांनी मलाच समजावलं. "गावात राहाचं हाय, पोरी. एक अँटेना गेली त काय आभाळ कोसळते?"

मला किराणावाल्यापेक्षा बाबांचाच राग आला. वर्गात पोरांना ताठ उभं राहायला सांगणारा माणूस दारात चार जण आले की वाकतो, हे मला सहन होत नव्हतं. अजूनही होत नाही.

मी आदिलाबादला इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला होते, रोज बसनं जायचे. सोमवारी कॉलेज सुटल्यावर टीव्ही घेतला होता त्या दुकानात गेले. आधी मी टीव्हीच्या चॅनेलच्या बटणावर संशय घेतला. ते थोडं इकडंतिकडं फिरवून पाहिलं होतं, रेघा हलत नव्हत्या. मेकॅनिक हसला. "बटन को कुछ नहीं हुआ. किसी का बूस्टर बिगड़ा है. बिगड़ा तो खुदीच चिल्लाता, सबकी तस्वीर खराब करता. एक-एक बंद करके देखो." आज माझा मुलगा शेजाऱ्याचा राउटर त्रास देतो म्हणून आपल्या राउटरचं चॅनेल बदलतो आणि मोकळा होतो. आम्हाला एकच चॅनेल होतं. पळून जायला जागा नव्हती, चोर पकडणं भाग होतं.

रविवारी नऊ वाजता मी सगळ्यांदेखत आधी आमचा बूस्टर बंद केला. किराणावाल्याच्या टीव्हीवर रेघा जशाच्या तशा. "जायाले वेळ लागते," तो म्हणाला. रेघा म्हणजे काय पाहुण्या होत्या, चहा पिऊन निघायला? मग मी घरोघर गेले. एकेक डबी मिनिटभर बंद, आणि दुसऱ्या घरातून बाया ओरडून सांगायच्या, "हायेत, हायेत!" किराणावाल्याचीही बंद करून झाली.

"चला, झाले सगळे," तो म्हणाला.

"सात अँटेना आहेत. सहा झाल्या."

उरली होती ती पाटलांची. आमच्या गावात कशाचाही तपास आमच्या वस्तीपासून सुरू होई आणि पाटलाच्या फाटकाअलीकडे संपे. त्यात लबाडीही नव्हती. पाटलाची वस्तू बिघडू शकते हे कोणाच्या डोक्यातच येत नसे. "त्यायचा कसा बिघडन?" किराणावाला म्हणाला. "नांदेडहून आणला हाय."

मी गेले. आमची माणसं पाटलाशी अंगणात उभी राहून बोलत. मी चपला काढल्या, ओसरी चढले आणि थेट बैठकीत गेले. पाटील टीव्हीसमोर बसले होते.

"पाटील, बूस्टर एक मिनिट बंद करा."

"कोनाची पोरगी?" त्यांना ठाऊक होतं.

"मास्तरची."

"मास्तरले पाठव."

"मास्तर अँटेना उतरवायला निघाले. म्हणून मी आली."

पाटील जागचे हलले नाहीत. पाटलीणबाईंनी मात्र हात लांब करून बटण बंद केलं. गल्लीतून आवाज आला, "गेल्या! रेघा गेल्या!" तो पाटलांनीही ऐकला. "झालं?" ते म्हणाले, आणि उठून त्यांनी बूस्टर परत लावला.

मला वाटलं, आता गल्ली पाटलांकडे जाईल. कोणी गेलं नाही. आमच्या रेघा कोणाला सोसवत नव्हत्या, पाटलांच्या लगेच सोसवल्या. "चेहरे त दिसून राह्यले," किराणावाला म्हणाला. "चालते." चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेली माणसं, आणि चोर सापडल्यावर म्हणतात चालते! आमची अँटेना मात्र उतरवा म्हणायला त्यानंतर कोणी आलं नाही.

पण मला ते पुरणार नव्हतं. पुढच्या रविवारी नऊला पाच मिनिटं असताना मी पाटलांच्या फाटकात उभी राहून ओरडले, "पाटील, बूस्टर!" त्याच्या पुढच्या रविवारीही. कधी ते बंद करत, कधी नाही. मास्तरची पोरगी तोंडाळ आहे, असं गावभर झालं. आई म्हणाली, "होऊ दे."  मी बाहेर निघाले की बाबा पेपरात डोकं घालत.

चौथ्या रविवारी मी चपला घालत होते. बाबांनी पेपर खाली ठेवला आणि शाळेचा सदरा चढवला.

"तू बस. मालिका पाह्य. आज मी जातो."

"बाबा, जोरात बोला. त्यायले ऐकू जात नाही."

ते गेले. थोड्या वेळानं वरच्या गल्लीतून हाक आली. "पाटील! बूस्टर बंद करा!" मग पुन्हा एकदा, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. आमच्या दारापर्यंत शब्द न् शब्द आला. माझ्या बाबांचा एवढा आवाज मी वर्गातही ऐकला नव्हता. रेघा गेल्या की नाही ते मला माहीत नाही. मी आणि आई दारातच उभ्या होतो, टीव्हीकडे कोणी पाहिलंच नाही.