तळ्याच्या पोटातला मळा

धुरपताबाईनं गाळपेरीसाठी तुकडा मागितला तो भर पाण्यातला, आणि चावडीवर लोकांची हसून हसून पोटं दुखली.

हिवाळा सरत आला की पाझर तलावाचं पाणी मागं हटतं, आणि खालचा उघडा पडलेला गाळ ज्यांना जमीन नाही त्यांना एका उन्हाळ्यापुरता माळव्याला, म्हणजे भाजीपाल्याला मिळतो. औशाकडच्या त्या गावात हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. आधी मंजुरीसाठी जिल्ह्याच्या गावी जायचं म्हणजे उस्मानाबाद, दोन दिवसांची मजुरी बुडणार. आता जवळचं लातूरच जिल्हा होऊन सहा-सात महिने झाले होते. बाई यष्टीनं चारदा लातूरला गेली आणि चौथ्या खेपेला सगळ्या गावासाठी मंजुरीचा कागद घेऊनच उतरली. अशी बाई! आणि तिच्यावरच लोक हसायला लागले.

वाटपाच्या दिवशी सगळे धावले ते वरच्या काठाला. तिथली जमीन वाळलेली, रस्ता जवळ. शेजारची शिवकांता पदर खोचून पहिली पळाली नि मोक्याचा तुकडा धरून बसली. तलाठ्यानं विचारलं, "तुम्हाला कोणता, बाई?" धुरपताबाईनं सरळ पाण्याकडं बोट केलं.

"अहो, तिथं मासे पेरणार का?"

"पाणी हटंल की साहेब."

"होळीच्या आदल्या दिवशी मी पाहणीला येणार. ज्याच्या तुकड्यात उगवलेलं दिसणार नाही, त्याचा तुकडा दुसऱ्याला. मग रडायचं नाही."

"रडायला येळ कुणाला हाय?" बाई म्हणाली.

आता यात तिचं काय अडकलं होतं ते सांगतो. तिचा नवरा लिंबाजी अकरा वर्षं गुरुलिंगआप्पाकडं सालगडी होता. दर गुढीपाडव्याला आप्पाच्या ओट्यावर जायचं, आप्पानं पान पुढं करायचं, ते तोंडात टाकलं की वर्षभर माणूस आप्पाचा. माणूस गरीब गायीसारखा. अकरा वर्षांत एकदा "नको" म्हणाला नव्हता. धुरपताबाईनं बुद्धाच्या तसबिरीपुढं मनाशी पक्कं केलं होतं: औंदाच्या पाडव्याला हा माणूस ते पान खाणार न्हाई. मळा उभा राहिला तरच हे जमणार, नाहीतर पुन्हा आप्पाचाच ओटा.

आप्पालाही कुणकुण लागली. पाणंदीत भेटला तेव्हा म्हणाला, "काय धुरपते, बेडकांना राखणीला ठेवलंस म्हणं! पाडव्याला लिंबाजीला लवकर धाड बरं का."

बाई तशीच पुढं निघाली. तिच्यापाशी एक गोष्ट होती जी आप्पापाशी नव्हती.

बहात्तरच्या दुष्काळात हा तलाव खोदला तो हिनं. म्हणजे गावच होतं कामावर, सरकारी सुकडी खाऊन. पण बाकीच्यांची टोळी वरच्या काठाला आणि हिची टोळी मधल्या खड्ड्यात. वरच्या काठाची माती खरवडून बांधावर गेली आणि खाली मुरूम उघडा पडला, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तिथं आता चार बोटं गाळ असेल नसेल. मधल्या खड्ड्यात मात्र काम मोजायला मुरमाचा एक खांब न खणता ठेवला होता, धुरपताबाईच्या डोक्याच्याही वर जाणारा. त्याच्यावर चुन्याचा दगड होता. तो खांब कुणी मोडला नाही. तलाव भरला आणि लोक विसरले. ज्यानं तो खड्डा स्वतः खणला त्याला कसं विसरायला होईल?

माघी पुनवेला पाण्यातून चुन्याचा दगड वर आला. दहा-बारा दिवसांनी खांबाभोवतालचा गाळही उघडा पडला, आणि धुरपताबाई जाऊन त्याच्याशेजारी उभी राहिली. खांब तिच्या गुडघ्याएवढाच! बाकीचा सगळा गाळात. म्हणजे चार हात गाळ, दहा पावसाळ्यांनी आणून टाकलेला, लोण्यासारखा. बाई एकटीच मोठ्यानं हसली.

पण गाळाची घाई करून चालत नाही. ती रोज सकाळी टाच रोवून बघायची. खळग्यात पाणी साचलं की माघारी. सहाव्या दिवशी टाच रुतली नि खळगा कोरडा राहिला. मग काय विचारता! बेशरमीची झाडं उपटली, शिंपले वेचले, काठाच्या अंगाला मेथी फेकली आणि खाली हात-हात अंतरावर खड्डे घेतले. लिंबाजी आप्पाकडचं काम उरकून यायचा आणि पाटीनं शेणखत वाहायचा. काकडी नि दोडक्याचं बी तिनं भिजवून फडक्यात बांधलं, ती पुरचुंडी ओटीत खोवली आणि तीन दिवस अंगाच्या उबेत वागवली. शिवकांता म्हणाली, "अगं, पोटुशी झालीस का काय या वयात?"

"हाव," बाई म्हणाली, "तीनशे लेकरं हायत."

मोड आले तेव्हाच बी खड्ड्यात गेलं.

होळीच्या आदल्या दिवशी तलाठी आला. वरच्या काठाला शिवकांतेची कोथिंबीर उगवून जागच्या जागी पिवळी पडली होती. मुरमाला ओल धरवत नाही, ती तरी काय करणार. तलाठी खाली उतरला आणि त्यानं चष्मा काढून पुसला. मेथीचा हिरवा पट्टा, आणि पुढं खड्ड्याखड्ड्यात दोन-दोन पानं वर काढून उभी असलेली काकडी. त्यानं मोजायला सुरुवात केली, साठावर सोडून दिली.

"बाई, तुम्हाला कसं कळलं हो?"

"खणलंय साहेब," धुरपताबाईनं हात पुढं करून दाखवले. "ह्याच हातांनी."

दुसऱ्या दिवशी तिनं शिवकांतेलाही बोलावून खालच्या अंगाला चार ओळी धरून दिल्या. मनात राग ठेवायला तिला सवडच नव्हती.

पाडव्याला सकाळी आप्पाचं बोलावणं आलं. लिंबाजीनं अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसला आणि निघाला. अकरा वर्षांची सवय. समोर पान आलं की हात आपोआप पुढं जायचा! ती मागोमाग गेली आणि कुडाआड थांबली.

ओट्यावर आप्पा तबक घेऊन बसला होता. "ये लिंबाजी. घे पान."

लिंबाजी खाली बसलाच नाही. त्यानं काखेतली मेथीची जुडी काढून तबकाशेजारी ठेवली. "पैल्या तोडणीची हाय आप्पा. घरी द्या. पान मातर न्हाई घेणार."

आप्पाचा हात तसाच राहिला. "का रं? दुसऱ्याकडं राहिलास का काय सालानं?"

"हाव."

"कुणाकडं?"

"धुरपताबाईकडं," लिंबाजी म्हणाला, आणि तोंड उघडून लाल जीभ दाखवली. "सकाळीच पान दिलं तिनं."

ओट्यावरची माणसं खदखदून हसली. आप्पालाही हसू आवरलं नाही. कुडाआड धुरपताबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तिनं पान दिलं ते चुलीपुढं, सहज, चहाबरोबर, आणि तेव्हा तो काही बोलला नव्हता.

लिंबाजी बाहेर आला. "चल," म्हणाला, "काकडीचे येल चढवायचेत."