बळवंतमामा आणि डबल बास

देवासच्या दरबारी बँडात आमचे बळवंतमामा व्हायोलिन वाजवीत, तेही पहिल्या रांगेत बसून. त्या खुर्चीत त्यांचा सगळा जीव होता. १९०८ साली मुंबईहून डबल बास नावाचं नवं तंतुवाद्य आलं आणि मामांची झोप उडाली.

माणसाहून उंच असं ते धूड शिवाजीराव मोहित्यांना मिळालं, कारण बँडात तेच सर्वांत उंच. मामा व्हायोलिन काखोटीला मारून पायी जात. डबल बासला मात्र गादी घातलेली बैलगाडी. पोरंबाळं गाडीमागे धावत, आणि त्यांच्याही मागून मामा धुसफुसत चालत.

"वाजवतो काय तो? नुसतं घूं घूं! आमच्या व्हायोलिनला सूज आली की झाला डबल बास."

गोव्याचे बँडमास्तर समजावीत, "तसं नाही, बळवंतराव. विलायतेत व्हायोल नावाची जुनी वाद्यं होती. डबल बासचे ते उतरते खांदे त्यांचे, तारा लावायची रीतही त्यांचीच. सगळ्या बँडाचा सूर आणि लय तो खालून धरून ठेवतो."

मामांनी कान दिला असेल तर शपथ!

ऐन दसऱ्याच्या दरबाराआधी शिवाजीराव तापाने आडवे झाले. मामांना आनंद झाला, उगाच कशाला लपवू? "मी वाजवतो. मोठं व्हायोलिनच ते!" म्हणत त्यांनी तारा व्हायोलिनसारख्या लावायला घेतल्या. खुंटी पिळली, आणखी पिळली, आणि आतड्याच्या तातीची तार फाडकन तुटून गालावर बसली. दुसरी मुंबईहून यायची. मामा गाल चोळत आपल्या व्हायोलिनकडे परतले.

दरबारात डबल बास नव्हता. आता सगळे कान आपलेच, असं मामांना वाटलं. पण खालचा आधारच गेल्यावर त्यांचा सूर उघडा पडला आणि लय पळत सुटली. एक पाहुणा शेजाऱ्याला म्हणाला, "भिया, आज या व्हायोलिनवाल्याला हुआ काय?" मामांनी ते ऐकलं.

शिवाजीराव बरे होऊन आले तेव्हा मास्तरांनी तार कशी तुटली ते विचारलं. मामांच्या गालावर वळ अजून होता. तो पाहून शिवाजीराव म्हणाले, "जुनी झाली होती, मास्तर. मीच सांगायचं विसरलो."

"वाचलात की मग!" घरी सुभद्रामामी म्हणाली.

मामांनी ताट सरकवलं. "वाचलो कसला? आजवर त्या शिवाजीरावाची नुसती गाडी सलत होती. आता तो भला माणूस आहे, हेही सोसायचं!"