सूर्यकांत भिंगारदिवे आणि नववा प्रश्न

सूर्यकांत भिंगारदिवे आखातात, रास अल खैमातल्या टाइल्सच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होता आणि दिवसाला शंभरेक ठिकाणी सही करायचा. टाइल उचलायची, बोटाने टिचकी मारायची, आवाज ऐकायचा, सही करायची. आवाज बोदा आला तर माल बाद. बारा वर्षांत सही करताना त्याचा हात अडखळलेला कुणी पाहिला नव्हता. तो पहिल्यांदा अडखळला १९९८च्या एप्रिलात, आणि तोही टाइलवर नव्हे, स्वतःच्या मुलीवर.

झालं असं, की अहमदनगरहून चर्चच्या पाळकसाहेबांचं पाकीट आलं. थोरली ओवी चौदाची झाली होती. ऑगस्टात बिशपसाहेब नगरला यायचे होते आणि त्यांच्या हातून तिचं दृढीकरण, इंग्रजीत कन्फर्मेशन, व्हायचं होतं. म्हणजे तान्हेपणी बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांनी मुलाच्या वतीने जे कबूल केलेलं असतं, ते मुलाने जाणत्या वयात स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं. भिंगारदिव्यांच्या चार पिढ्यांनी ते एकाच चर्चमध्ये केलं होतं. कुणी नापास झाल्याची नोंद नव्हती.

पाकिटात सायक्लोस्टाइल केलेला एक फॉर्म होता. पहिले आठ प्रश्न कुणालाही भरता येतील असे होते: नाव, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, सध्याचा पत्ता. नववा असा: ‘मुलाचा/मुलीचा विश्वास घरी रुजला आहे अशी आपली खात्री आहे काय? हो / नाही. पालकाची सही.’

फॉर्म महिनाअखेर नगरला पोचायला हवा होता. कारखान्यातला मित्र हनीफ परकार गुरुवारी सुट्टीवर रत्नागिरीला निघाला होता, तो मुंबईत उतरल्याबरोबर पाकीट पोस्टात टाकणार होता. फॉर्म आला शुक्रवारी. म्हणजे आपली मुलगी श्रद्धावान आहे की नाही, हे ठरवायला सूर्यकांतजवळ सहा दिवस होते.

तसा तो त्याच दिवशी ‘हो’वर खूण करून मोकळा होऊ शकला असता. पण अलीकडेच एक प्रकरण घडलं होतं, आणि ते कळण्यासाठी जरा मागे जायला हवं.

सूर्यकांतचे वडील नगरच्या मिशन शाळेत हेडमास्तर होते. त्यांच्या घरी रोज संध्याकाळी सात वाजता कौटुंबिक उपासना व्हायची. चटई अंथरायची, एक गीत म्हणायचं, शास्त्रातला एक अध्याय वाचायचा, वडील प्रार्थना करायचे आणि बाकीचे ‘आमेन’ म्हणायचे. तुला काय वाटलं, असं कुणी कुणाला विचारलं नाही. विश्वास ही घरात असायचीच वस्तू होती, पाण्याच्या माठासारखी. ती आहे का, हे बघायला कुणी झाकण काढत नसे.

रास अल खैमात आल्यावर पंचाईत सुरू झाली. इथे रविवार कामाचा आणि उपासना शुक्रवारी. मुलं शुक्रवारी संडे स्कूलला जात आणि त्यांना त्यात काही चमत्कारिक वाटत नसे. मराठी उपासना महिन्यातून एकदा, तीही शारजात, मल्याळी मंडळी बाहेर पडल्यानंतर आणि फिलिपिनो मंडळी आत येण्याआधी मिळणाऱ्या सव्वा तासात. दुसरं गीत तिसऱ्या कडव्यालाच थांबवावं लागे. तेव्हा विश्वास काय रुजवायचा तो घरातच, हे सूर्यकांतने ओळखलं. कशाने रुजवायचा, हे मात्र त्याला कळत नव्हतं.

अशात चर्चमधलं एक इंग्रज कुटुंब कायमचं मायदेशी निघालं, आणि जाताना त्या बाईंनी एक भला मोठा खोका त्याच्या गाडीत ठेवला. कुटुंबात श्रद्धा कशी जोपासावी, याची सगळी सामग्री त्यात होती. फ्लॅनेलचा फळा आणि त्यावर चिकटणारी मेंढरं, मुलांच्या गाण्यांच्या कॅसेटी, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक पान असलेलं जाडजूड पुस्तक आणि जेवताना एकमेकांना विचारायच्या प्रश्नांची कार्डं. नोव्हेंबरातल्या एका पानावर लिहिलं होतं की मुलांना जवळच्या रानात न्या, गळलेली पानं गोळा करा आणि परमेश्वराच्या ऋतुचक्रावर बोला. सूर्यकांत मुलांना घेऊन गेला. जवळ जे होतं तिथे गेला. सिमेंटच्या कारखान्यामागे एक बाभळीचं झुडूप होतं आणि त्याला प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्या होत्या. दोन पिशव्या गळल्या होत्या.

कार्डांचं त्याने मराठी करून घेतलं. पहिलंच कार्ड अंकुरच्या वाट्याला आलं. अंकुर धाकटा, नऊ वर्षांचा.

“आज तुला देवाचं प्रेम कुठे जाणवलं?” सूर्यकांतने विचारलं. हे वाक्य नगरच्या कुठल्याही बापाने आजवर उच्चारलेलं नव्हतं, त्यामुळे त्याचं त्यालाच कानकोंडं झालं.

“इन द बस,” अंकुर म्हणाला.

“बसमध्ये? ते कसं?”

“एसी वॉज वर्किंग.”

त्याची बायको अनुपमा पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. सूर्यकांत मात्र विचारात पडला. उत्तर बरोबर की चूक, हे कार्डाच्या मागे दिलेलं नव्हतं.

त्या वर्षी आखातातल्या प्रत्येक कारखान्याला आयएसओचं सर्टिफिकेट हवं होतं, जसं पूर्वी प्रत्येक संस्थानिकाला तोफांची सलामी हवी असे. सूर्यकांतला त्याचं तीन दिवसांचं ट्रेनिंग झालं होतं. ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही, एवढं त्यातलं त्याला मनापासून पटलं. त्याने घरासाठी तक्ता आखला. रकाने पाच: तारीख, शास्त्रपाठ, गीत, प्रार्थना कुणी केली, शेरा. तक्ता फ्रिजवर लागला.

“मी दवाखान्यात दिवसभर पेशंटचे चार्ट भरते,” अनुपमा म्हणाली. ती नर्स होती. “आता घरी देवाचा पण चार्ट?”

“देवाचा नाही गं. आपला.”

“मग टेम्परेचरचा रकाना पण घाला की.”

त्याने खरंच क्षणभर विचार केला होता, असं ती पुढे सांगायची.

फेब्रुवारी-मार्चात त्याला दोन ते दहाची शिफ्ट लागली. साडेसातच्या प्रार्थनेला तो घरी नसायचा. तक्ता भरायची जबाबदारी त्याने ओवीवर टाकली, आणि तिने ती अशी पार पाडली की तो दहाला घरी येऊन रकाने बघायचा आणि त्याला कढत चहा प्यायल्यासारखं वाटायचं. एकही दिवस कोरा नाही. ओवी एकदा, अंकुर एकदा, मम्मी एकदा. शेरा: छान. शेरा: उत्तम.

मार्चअखेर तो कागद फाइलला लावताना त्याची नजर एका ओळीवर थांबली. तीस फेब्रुवारीला अंकुरने प्रार्थना केली होती. शेरा: फार छान. त्याच्या वर एकोणतीस फेब्रुवारी होता.

मग त्याने कागद खिडकीशी धरला. एकच पेन, एकच दाब, कुठे डाग नाही, खाडाखोड नाही. असले कागद त्याने कारखान्यात ढिगाने पकडले होते. ऑडिटच्या आदल्या दिवशी एका बैठकीत भरलेले. अशा वेळी तो माणसाला समोर बसवून शांतपणे एकच प्रश्न विचारायचा. इथे कुणाला समोर बसवायचं, हे त्याला सुचेना. त्याने फाइल बंद केली आणि तीन आठवडे ब्र काढला नाही. त्यानंतर पाकीट आलं.

सोमवारी त्याने हनीफला गाठलं. डबा खाताना सगळं सांगितलं.

“काय रे भिंगारदिवे, तुला उद्योग नाही?” हनीफ म्हणाला. “हो लिही आणि दे इकडे. खलास.”

“सही आहे रे खाली.”

“मग? सहीचं एवढं काय?”

“तुझ्या पोराचं, फहदचं, तू सांगशील? छातीवर हात ठेवून?”

हनीफने चपातीचा तुकडा मोडला. “त्याला सगळं पाठ आहे. कुराण शिकवणारे उस्ताद खूश आहेत.”

“पाठ नाही विचारत मी. आत आहे का, ते.”

“असलं पोरांना विचारायचं नसतं, हबीबी,” हनीफ म्हणाला.

“का?”

“उत्तर आलं तर?”

दोघांनी डबे बंद केले. बुधवारी हनीफ म्हणाला, “तुझ्यामुळे माझी पण झोप गेली. पाकीट उद्या दोनच्या आत दे, इन्शाल्ला मी विसरणार नाही.”

म्हणजे बुधवारची संध्याकाळ तेवढी उरली. सूर्यकांतने जेवणाच्या टेबलावर फेब्रुवारीचा तक्ता ठेवला, शेजारी फॉर्म ठेवला, आणि ओवीला बोलावलं. तिने तक्ता बघितला. तिला मराठी वाचायला वेळ लागे, पण तीस हा आकडा लगेच वाचता आला.

“ओ,” ती म्हणाली.

“दोन महिने घरात प्रार्थना झालीच नाही?”

“झाली. जस्ट नॉट अ‍ॅट सेव्हन थर्टी.”

“मग कधी?”

“अंकुरला ताप आला तेव्हा. मम्मीची बस चुकली तेव्हा. तुम्ही त्या फॉगमध्ये गाडी घेऊन आलात ना, तेव्हा. मी आणि मम्मी बाल्कनीत. त्याला गीत नव्हतं, शास्त्रपाठ नव्हता. मग तुमच्या रकान्यात काय लिहिणार? सो आय फिल्ड इट.”

“मी नव्हती केली,” अंकुरने सोफ्यावरून कळवलं. “आय वॉज वॉचिंग टीव्ही.”

सूर्यकांतने अनुपमाकडे बघितलं. “तुला माहीत होतं?”

“मला एवढंच माहीत होतं की तुम्ही रोज रात्री तो कागद वाचून खूश होता,” ती म्हणाली. “म्हटलं, असू दे. माणसाला काहीतरी लागतं.”

इथे कारखान्याचे नियम संपत होते. नोंद खोटी होती, पण नोंदीत नसलेली वस्तू खरी निघत होती, आणि अशा मालाचं काय करायचं हे ट्रेनिंगच्या तीन दिवसांत कुणी सांगितलं नव्हतं. त्याने फॉर्म पुढे सरकवला आणि नववा प्रश्न तिला वाचून दाखवला.

“आता तूच सांग. काय लिहू?”

ओवीने फॉर्म स्वतःकडे वळवला. “आय डोन्ट नो, पप्पा. काही दिवस असतो विश्वास. काही दिवस नसतो.”

“आठवड्यातले कुठले?” सूर्यकांतने विचारलं. शिफ्टमध्ये बारा वर्षं काढलेल्या माणसाने विचारावा असाच तो प्रश्न होता, पण चेष्टेचा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

ओवी हसली नाही. “तुमचे कुठले?” तिने विचारलं.

त्याने तोंड उघडलं. हेडमास्तरांच्या मुलाकडे या प्रश्नाचं उत्तर तयार असायला हवं होतं. त्याने आतमध्ये शोधलं. चटई सापडली, वडिलांचा आवाज सापडला, गीतांची चाळीस-पन्नास कडवी सापडली. त्यांच्या खाली काय आहे हे बघायला तो या आधी कधी गेलेलाच नव्हता. अनुपमाही वळून त्याच्याकडे बघत होती, कारण हे तिलाही लग्नाच्या सोळा वर्षांत कळलेलं नव्हतं.

“मला नाही माहीत,” तो शेवटी म्हणाला.

“रिअली?”

“खरंच नाही माहीत.”

“मग तुमचं कन्फर्मेशन कसं झालं?”

“मला कुणी विचारलंच नाही. नववा प्रश्न तेव्हा नसावा.”

त्याने पेन उघडलं. ‘हो’वर खूण केली नाही, ‘नाही’वरही केली नाही. दोन्हींच्या खाली जी बोटभर जागा होती तिथे त्याने बारीक अक्षरात लिहिलं: ‘खात्री नाही. मुलीलाही नाही. विचारता विचारता माझीही राहिली नाही. घरी प्रार्थना होते, पण ठरलेल्या वेळी होत नाही. मुलीला यायचं असल्यास आणावं किंवा कसं, ते कळवावं.’ आणि सही केली. सही नेहमीसारखी आली नाही, जरा वर चढली.

“काय लिहिलं?” ओवीने विचारलं.

त्याने वाचून दाखवलं. तिने कागद हातात घेतला आणि अक्षरावर बोट ठेवून पुन्हा सावकाश वाचला.

“असं लिहिता येतं?”

“लिहिलं तर खरं.”

“ते नाही म्हणाले तर?”

“तर नाही.”

ती कागदाकडे बघत राहिली. “मला यायचंय,” ती म्हणाली. “हे असं चालणार असेल तर मला यायचंय. तेही लिहा.”

त्याने कडेला आडवं लिहिलं: ‘मुलीला यायचं आहे.’ पाकीट चिकटवताना त्याला एकदा वाटलं की आपण बाप म्हणून आजवरचं सगळ्यात मोठं काम केलं, आणि लगेच वाटलं की चार पिढ्यांची लाज घालवली. यातलं खरं कुठलं, हे त्याला ठरवता आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी हनीफने पाकीट बॅगेत ठेवलं आणि विचारलं, “काय लिहिलंस?”

“माहीत नाही, असं लिहिलं.”

“फॉर्मवर?” हनीफ म्हणाला. “या अल्ला.”

उत्तर यायला जूनचा दुसरा आठवडा उजाडला. तोवर सूर्यकांतने कारखान्यातल्या पोस्टबॉक्सच्या इतक्या खेपा घातल्या की रिसेप्शनवरच्या माणसाने, घरी कोण आजारी आहे, असं विचारलं. पाळकसाहेबांचं पत्र पोस्टकार्डावर नव्हतं, नीट पाकिटातलं होतं. त्याने ते घरी आणून उभ्या उभ्या वाचलं. मुलीचे दोन पासपोर्ट फोटो आणावेत. बाप्तिस्म्याच्या दाखल्याची प्रत जोडलेली नाही, ती आणावी. पांढरा पोशाख तिकडूनच शिवून आणलात तर बरं, इकडे ऑगस्टात शिंपी तारीख देत नाहीत. बाह्या कोपरापर्यंत असाव्यात. बिशपसाहेब सोळा तारखेला सकाळी साडेआठला सुरुवात करतील, वक्तशीर यावं.

आणि खाली, सहीच्या आधी, दोन ओळी होत्या. ‘नवव्या प्रश्नाचं तुमचं उत्तर दोनदा वाचलं. एकतीस वर्षं हे फॉर्म गोळा करतो आहे. त्या बाबतीत समक्ष बोलू, मलाही थोडं बोलायचं आहे.’

सूर्यकांतने त्या दोन ओळी चारदा वाचल्या. मग पत्र अनुपमाच्या हातात दिलं. तिनेही वाचल्या.

“रागावलेत का हो?” तिने विचारलं.

“कळत नाही.”

“मलाही बोलायचंय, म्हणजे काय? आपल्याला बोलणार, की आपल्याशी बोलणार?”

“तेच कळत नाही.”

ओवी दारात उभी होती. “सो, आर वी गोइंग?”

अनुपमाने पत्र घडी घालून फोटोंच्या डब्यात ठेवलं आणि शिवणाची टेप काढली. “इकडे ये,” ती म्हणाली. “हात वर कर. बाह्यांचं माप तरी घेऊन ठेवू.”